अकरावीत गणित सोडण्याआधी

दहावीचा निकाल लागला की मला दोन प्रकारचे फोन येतात. काही मुबारकबादचे, काही प्रश्नांचे. यंदा प्रश्नाचा फोन माझ्या आपाचा होता. भाचीला चांगले गुण मिळाले होते, तिने स्वतःहून कॉमर्स निवडले होते, पण अकरावीचा अर्ज भरताना सगळे एका जागी अडले होते. मॅथ्स की एसपी? म्हणजे गणित की सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस? कॉलेजच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाने सल्ला दिला, "मुलगी आहे, एसपी द्या, सोपं जाईल." शेजारच्या भाभींनी तेच सांगितले. क्लासवाल्या सरांनीही तेच सांगितले. आपा म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस ना, तूच सांग. कॉमर्सला जाऊन गणिताचं करायचं तरी काय?"

मी तिला एक शब्द सांगितला: ॲक्च्युअरी. तिने तो दोनदा विचारून घेतला. भाचीने तर कधी ऐकलाच नव्हता. त्यात तिची चूक नाही. तिच्या वयात मीही तो ऐकला नव्हता. आमच्या वेळी गणितात बऱ्या गुणांचा मुलगा इंजिनिअरिंगला जायचा, बायोलॉजीवाला बीयूएमएस किंवा फार्मसीला, आणि उरलेले "बघू पुढे" म्हणत बी.ए., बी.कॉम. मीही त्याच रांगेतून गेलो. पदवी घेतली, नोकरी लागली, आणि पहिल्याच काही वर्षांत एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचे काम माझ्या टेबलावर आले. वय टाका, रक्कम टाका, मुदत टाका, की स्क्रीनवर हप्ता येतो. त्यामागचा कोड मी लिहीत होतो. पण आकडे एका तयार तक्त्यातून येत होते आणि त्या तक्त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. "हे आकडे कोण ठरवतं?" असे मी विचारले तेव्हा उत्तर आले, "ॲक्च्युअरी ठरवतात. त्यांनी सही केल्याशिवाय एक दशांशही बदलत नाही."

दशांशावर सही करणारा हा माणूस कोण, आणि आपल्या घरांतून तिथपर्यंत कोणी का पोहोचत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. या वेळचे संपादकीय त्याविषयी आहे. त्यात मोठे स्वप्न विकायचे नाही. प्रवेशाला काय लागते, पदवीत काय शिकावे लागते, पदवीने काय होते आणि काय होत नाही, एवढेच नीट मांडायचे आहे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. आमच्या गावच्या मोहल्ल्यात काही वर्षांपूर्वी एक फंड सुरू झाला होता. सव्वाशेच्या आसपास घरे, दर घरामागे महिन्याला ५० रुपये. घरातला कमावता माणूस गेला तर त्याच्या बेवेला आणि मुलांना २५,००० रुपये द्यायचे. सुरुवातीची वर्षे पेटीत पैसे साठत गेले. सगळे खूश झाले आणि मदतीची रक्कम दुप्पट केली गेली. मग २०२१ चा उन्हाळा आला. एका महिन्यात इतक्या मय्यती झाल्या की तिसऱ्या घराला पैसे देऊन पेटी रिकामी झाली. चौथ्या घरातल्या बाईंनी सहा वर्षे एकही हप्ता चुकवला नव्हता. त्यांना काय उत्तर द्यायचे, हे कमिटीतल्या कोणालाच सुचले नाही. मी त्या कमिटीला ओळखतो. एक पैसा कोणी खाल्ला नव्हता. नियत साफ होती. फक्त हिशोब झाला नव्हता.

कोणता हिशोब? समजा, तीस वर्षांची १,००० माणसे एकत्र आली आणि त्या वयात वर्षाला हजारात एक मृत्यू होतो असे आपण धरले. मरणाऱ्याच्या घरी १० लाख रुपये द्यायचे असतील तर प्रत्येकाचा वाटा वर्षाला १,००० रुपये पडतो. इथवरचे गणित सातवीचे आहे. पण त्या हजारांत साठ वर्षांची माणसे आली तर? त्यांच्याकडूनही हजारच घेतले तर तरुणांवर अन्याय होतो आणि तरुण हळूहळू निघून जातात. आज जमा झालेले हजार वीस वर्षांनी द्यायचे असतील तर मधल्या काळात ते किती वाढतील? आणि एखाद्या वर्षी एकाऐवजी चार माणसे गेली तर हाताशी किती शिल्लक हवी? संभाव्यता, काळानुसार बदलणारी पैशाची किंमत आणि वाईट वर्षासाठीची तयारी, या तिन्हींचा एकत्र हिशोब म्हणजे ॲक्च्युरियल सायन्स. मराठीत त्याला विमागणित म्हणतात, पण हे काम विम्यापुरते नाही.

आमच्या मोहल्ल्यासारखाच प्रश्न जवळपास पावणेतीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये पडला होता. तिथल्या चर्चचे पाद्री वारले की त्यांच्या बायकामुलांचे हाल होत. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाद्र्यांनी एक फंड काढायचे ठरवले. त्यांनी केवळ दुवा आणि देणगीवर भरवसा ठेवला नाही. कोणत्याही वेळी चर्चचे पाद्री किती असतात, दरवर्षी किती मरतात, मागे किती विधवा राहतात, याची माहिती त्यांनी गावोगावहून मागवली. उत्तर आले ते असे: सुमारे ९३० पाद्री, वर्षाला सरासरी २७ मृत्यू, त्यांपैकी १८ जणांच्या मागे विधवा. मृत्यूचे कोष्टक त्यांनी एडमंड हॅलीचे घेतले. धूमकेतूवाला तोच हॅली. १६९३ मध्ये त्याने ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून हे कोष्टक केले होते. मग एडिनबरोचे गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांच्याकडून आकडेमोड तपासून घेतली. १७४४ मध्ये फंड सुरू झाला आणि पुढची अनेक वर्षे जवळजवळ त्यांच्या अंदाजाबरहुकूम चालला. या विद्येचे एक मूळ असे बेवा आणि यतीमांच्या फंडात आहे. नियत आमच्या कमिटीकडेही होती. त्या दोघांनी हिशोब पाद्र्यांची मोजणी करून सुरू केला आणि कागद गणिताच्या माणसाला दाखवला. आमच्या कमिटीने ही दोन कामे केली नाहीत.

आता मुख्य मुद्दा. या विषयाची पदवी घ्यायची तर काय लागते?

जिथे ही पदवी रुळलेली आहे तिथून सुरुवात करू. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ॲक्च्युरियल सायन्स हा चार वर्षांच्या पदवीतला मुख्य विषय, म्हणजे मेजर, म्हणून घेता येतो. अनेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून हा विषय हातात देत नाहीत. आधी विद्यापीठात प्रवेश घ्यायचा, सुरुवातीचे कॅल्क्युलसचे अभ्यासक्रम ठरावीक श्रेणी मिळवून पूर्ण करायचे आणि मग या विषयाचे दार उघडते. श्रेणी घसरली तर दुसरा विषय निवडा असे सरळ सांगितले जाते. पुढचा अभ्यासक्रम साधारण असा असतो: कॅल्क्युलसची तीन सत्रे, रेषीय बीजगणित, संभाव्यता, गणिती संख्याशास्त्र, रिग्रेशन आणि कालश्रेणी, व्याजाचे गणित, आयुर्विम्याचे गणित, सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र, लेखाशास्त्र आणि वित्त, आणि थोडे प्रोग्रामिंग. याच्या बरोबरीने सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीज या व्यावसायिक संस्थेच्या परीक्षा असतात. पहिल्या दोन, संभाव्यतेची आणि वित्तीय गणिताची, शिकत असतानाच द्यायच्या. अर्थशास्त्र, लेखा व वित्त आणि गणिती संख्याशास्त्र हे तीन विषय मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून पुरे केले तर संस्था ते ग्राह्य धरते.

ब्रिटनमध्ये रचना थोडी वेगळी आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स असो की एडिनबरोचे हेरियट-वॉट विद्यापीठ, शाळेच्या शेवटच्या वर्षांत गणित असणे आणि त्यात वरची श्रेणी असणे ही प्रवेशाची पहिली अट. मान्यताप्राप्त पदवीत ठरलेले गुण मिळवले तर व्यावसायिक संस्थेच्या काही पेपरांतून सूट मिळते. सूट मिळते ती काही पेपरांतून. उरलेले पेपर सगळ्यांनाच द्यावे लागतात.

दोन्ही देशांत एक गोष्ट सारखी आहे आणि आपल्याकडे नेमकी तीच नीट सांगितली जात नाही. ॲक्च्युअरी होण्यासाठी पदवी पुरत नाही, परीक्षा द्याव्या लागतात. वकिलाला सनद आणि सीएला त्याच्या संस्थेची परीक्षा, तसेच इथे.

भारतात ही संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया. १९४४ मध्ये ॲक्च्युरियल सोसायटी म्हणून तिची सुरुवात झाली आणि २००६ च्या ॲक्च्युअरीज कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. तिचे कार्यालय आपल्याच राज्यात, नवी मुंबईत आहे. आत जाण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे एसेट ही प्रवेश परीक्षा. पात्रता बारावीची, त्यात इंग्रजी हा विषय हवा. तीन तास, ७० प्रश्न, १०० गुण. गणित ३०, संख्याशास्त्र ३०, माहितीचे विश्लेषण १५, इंग्रजी १५ आणि तर्कशक्ती १०, अशी गुणांची वाटणी राहिली आहे. अर्ज भरताना संस्थेचे चालू माहितीपत्रक स्वतः वाचा. माझ्यासारख्याच्या लेखावरून कोणी अर्ज भरू नये.

ही वाटणी पुन्हा एकदा पाहा. पात्रतेत "बारावीला गणित हवे" असे लिहिलेले नाही. पण शंभरातले साठ गुण गणित आणि संख्याशास्त्राचे आहेत. म्हणजे अकरावीला एसपी घेतलेल्या मुलीला कोणी अडवणार नाही, अर्ज भरू देतील, फी घेतील, आणि परीक्षेच्या दिवशी ती फलन, अवकलन, संकलनाच्या प्रश्नांसमोर बसेल. तिचे दार दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या खिडकीवरच बंद झालेले असेल, आणि तेव्हा तिला ते कोणी सांगितलेले नसेल.

प्रवेश झाल्यावर फेलो होईपर्यंत साधारण १३ पेपर असतात. पहिल्या टप्प्यावर सात: संख्याशास्त्राचे दोन, विमागणित आणि वित्तगणिताचे दोन, आणि वित्त, अर्थशास्त्र, व्यवस्थापन यांचे तीन. मग प्रत्यक्ष व्यवहाराचे तीन, ज्यांतला एक पेपर फक्त आपले म्हणणे साध्या भाषेत समजावून सांगण्याचा आहे. शेवटी आपल्या निवडीचे तीन विशेष पेपर: आयुर्विमा, आरोग्य, पेन्शन, सर्वसाधारण विमा वगैरे. शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव. संख्याशास्त्राच्या पेपरांत संगणकावर ‘आर’ ही भाषा वापरून उत्तरे द्यावी लागतात, वित्तगणितात एक्सेल. मधल्या एका टप्प्यावर असोसिएट ही मान्यता मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: या परीक्षांसाठी कोणती पदवी घ्यायची? संस्था "ॲक्च्युरियल सायन्सचीच पदवी हवी" असे म्हणत नाही. अलीकडे काही खासगी विद्यापीठांत आणि कॉलेजांत या नावाचे बी.एस्सी. सुरू झाले आहे. काही चांगले आहेत. काहींची फी अशी आहे की रिक्षा चालवणाऱ्या किंवा बेकरीत काम करणाऱ्या बापाने घर गहाण टाकावे. तिथे पाय ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुमच्या पदवीमुळे संस्थेच्या कोणत्या पेपरांतून सूट मिळते, हे लेखी द्याल का? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः या परीक्षा पास केल्या आहेत? मागच्या दोन तुकड्यांतल्या किती मुलांनी पदवी घेईपर्यंत किती पेपर सोडवले? ही उत्तरे टाळून प्लेसमेंटचे रंगीत फोटो दाखवणाऱ्याकडे पैसे भरू नका.

आणि मग तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात जा. अमेरिकेतल्या मेजरची जी यादी वर दिली ती एका कागदावर उतरवा आणि बी.एस्सी. संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम शेजारी ठेवा. कॅल्क्युलस आहे. रेषीय बीजगणित आहे. संभाव्यता, वितरणे, अनुमान, रिग्रेशन, कालश्रेणी आहे. बहुतेक ठिकाणी ‘आर’सुद्धा आहे. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात तर विमागणिताचा विषयही शिकवला गेला आहे, आणि तिथल्याच प्राध्यापिका शैलजा देशमुख यांचे ‘आर’ वापरून विमागणित शिकवणारे पुस्तक २००९ मध्ये निघाले. यादीतले उरते काय? अर्थशास्त्र, लेखाशास्त्र, वित्त आणि व्याजाचे गणित. हे संस्थेच्या अभ्यास साहित्यातून स्वतः करता येते. बी.कॉम.ला असाल तर उलटे: हे विषय तुमच्याकडे आहेत, संख्याशास्त्र भरून काढावे लागेल.

कॉमर्सवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या राज्य मंडळाचे बारावी वाणिज्यचे गणित व संख्याशास्त्राचे पुस्तक उघडा. पहिल्या भागात तर्कशास्त्र, सारणी, अवकलन, संकलन, अवकल समीकरणे. दुसऱ्या भागात दलाली, मग विमा आणि वार्षिकी, रिग्रेशन, कालश्रेणी, निर्देशांक, संभाव्यता वितरणे. एसेटच्या अभ्यासाचा मोठा भाग आणि विमागणिताचे पहिले पाऊल त्या सरकारी पुस्तकात आहे. भाचीला सोपे जावे म्हणून खिडकीवरचा कारकून तिच्या हातातून हेच पुस्तक काढून घेत होता.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटले होते की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक मुस्लिम आहे आणि पदव्युत्तरच्या ५० विद्यार्थ्यांत एक. तो अहवाल आपण जलशात वाचतो, निवेदनात जोडतो. ते करायलाच हवे. सरकारला जाब विचारणे हा आपला हक्क आहे. पण त्या आकड्यांतला काही भाग आपल्याच घरात, जूनच्या एका दुपारी, "सोपं जाईल" या दोन शब्दांत तयार होतो. मुलगी असेल तर आणखी लवकर. तिथे आपल्याला कोणी रोखलेले नसते.

आता तो प्रश्न, जो हा लेख वाचताना तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. विमा तर नाजायज ना? मग हा धंदा कशाला?

मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नाही. पण प्रश्न टाळणेही बरोबर नाही. आक्षेप खरे आणि जुने आहेत: व्याज, म्हणजे रिबा, अनिश्चितता, म्हणजे गरर, आणि जुगाराची छटा, म्हणजे मैसिर. १९८५ मध्ये जिद्द्यात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठरलेल्या हप्त्याचा व्यापारी विमा नाकारला, आणि त्याच ठरावात परस्पर मदतीवर उभ्या असलेल्या सहकारी विम्याचा पर्याय सांगितला. मलेशियाने त्याआधीच, १९८४ मध्ये, तकाफुलचा कायदा केला होता. तकाफुलमध्ये सभासद एकमेकांसाठी पैसे टाकतात आणि फंड व्याजापासून दूर ठेवतात. पण कोणी किती टाकायचे, शिल्लक किती ठेवायची, हे तिथेही मोजावेच लागते. तकाफुल चालवायलाही ॲक्च्युअरी लागतो. आमच्या मोहल्ल्याच्या पेटीत ना व्याज होते ना जुगार. ती तरीही रिकामी झाली.

शिवाय या लोकांचे सगळे काम विमा विकण्याचे नसते. कारखान्यातल्या कामगारांना पुढे किती ग्रॅच्युइटी द्यावी लागेल आणि आज ताळेबंदात त्यासाठी किती दाखवायचे, हा हिशोब लेखा मानकांनुसार करावा लागतो आणि तो ॲक्च्युअरी करतात. पेन्शन फंड टिकेल की नाही हे तेच सांगतात. पंतप्रधान पीक विमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबियांसाठी शेतकऱ्याचा वाटा २ टक्के ठरला, पण खरा दर जोखमीच्या हिशोबाने निघतो आणि मधला फरक सरकार भरते. त्या दरालाच ॲक्च्युरियल दर म्हणतात. सोयाबीन पेरणाऱ्या बापाच्या मुलाने तो दर कसा निघतो हे विचारले तर त्यात काय वावगे? कोणते काम स्वीकारायचे, कोणते नाही, हे प्रत्येकाने आपल्या जाणत्या आलिमांशी बोलून, आपल्या दिलाला विचारून ठरवावे. पण न शिकताच नाकारणे आणि शिकून निवडणे यात फरक आहे.

आता कडू भाग. हा रस्ता लांब आहे. तेरा पेपर लोक सलग पास होत नाहीत. एकेका पेपरला दोन-तीनदा बसणारी हुशार माणसे मी कामाच्या ठिकाणी पाहिली आहेत. नोकरी करत, रात्री अभ्यास करत सात-आठ वर्षे जाणे नवलाचे नाही. अनेक जण मध्येच थांबतात. परीक्षा इंग्रजीत आहे, आणि मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्याला पहिली दोन वर्षे भाषेचेही ओझे असते. प्रत्येक पेपरची फी असते. देशात अजूनही फेलो काही शेच आहेत, त्याचे कारण हेच.

म्हणूनच मी बी.एस्सी. संख्याशास्त्राकडे बोट दाखवतो. हा जिना असा आहे की मध्ये थांबलात तरी पायाखाली पायरी राहते. चार पेपर करून थांबलेली मुलगीसुद्धा विमा कंपनीत, बँकेत, डेटा विश्लेषणात काम मिळवू शकते. पदवी हातात असल्याने एम.एस्सी. करून शिकवू शकते. उलट, केवळ नावासाठी महागडी पदवी घेऊन एकही पेपर न सोडवलेला मुलगा कर्ज घेऊन घरी बसतो. विद्यार्थ्याने अपयशाचाही हिशोब आधी करावा. विषयच तो आहे.

मित्रमैत्रिणींनो, संघटना म्हणून आपण करू शकतो अशा गोष्टी छोट्या आहेत. दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात आपले सत्काराचे कार्यक्रम होतात. हार, ट्रॉफी, भाषणे. त्याच मंडपात एक टेबल लावा आणि तिथे बारावी वाणिज्यचे ते गणिताचे पुस्तक ठेवा. कोणत्या पर्यायाने पुढे काय बंद होते, हे सांगणारा एक माणूस बसवा. तुमच्यात कोणी संख्याशास्त्र, वित्त, विमा यांत असेल तर रविवारचे दोन तास द्या. एसेटची फी भरण्याची ऐपत नसलेल्या दोन मुलांची फी मोहल्ल्याने भरली तर ते कोणत्याही ट्रॉफीपेक्षा स्वस्त पडेल. आणि ज्यांच्या हातात बैतुलमाल किंवा मय्यत फंड आहे त्यांनी एक वही घालून गेल्या दहा वर्षांच्या मय्यती, वये आणि दिलेली मदत लिहून काढावी. स्कॉटलंडच्या त्या दोन पाद्र्यांनी सुरुवात इथूनच केली होती.

भाचीचे काय झाले? मी तिला काही पटवले नाही. फक्त ते पुस्तक पाठवले आणि "विमा आणि वार्षिकी" हा धडा आधी वाच म्हणालो. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, "मामू, मोहल्ल्याच्या पेटीचं गणित यात आहे." तिने मॅथ्सवर खूण केली. पहिल्या चाचणीत तिला २५ पैकी ११ मिळाले. कॉलेजने सांगितले, अजून वेळ आहे, एसपी घेता येईल. आपाने पुन्हा फोन केला. या वेळी मी काही बोलायच्या आधीच मागून भाचीचा आवाज आला, "अम्मी, बदलायचं नाहीये."

तिला पुढे हे जमेल की नाही, माहीत नाही. पण ठरवले तिने स्वतः, आणि ठरवण्याआधी तिच्या हातात ते पुस्तक होते. तुमच्या घरात यंदा कोणी दहावी पास झाले असेल तर अर्ज भरण्याआधी त्याच्या हातातही ते द्या.